मडगार्डवरच्या तीन गाड्या

परवा आठवीला ध्वनीचा धडा शिकवत होते आणि कुंपणापलीकडून या हंगामातला पहिला उसाचा ट्रॅक्टर गेला. मागं दोन ट्रॉल्या, त्यांवर घराएवढा ऊस, आणि डेकवर कान किटवणारं गाणं. बाकं हादरली, खिडकीच्या काचा थरथरल्या, टेबलावरचा खडू घरंगळत खाली पडला. एरवी अशा वेळी मी खिडकी लावून घेते आणि ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करते, मनातल्या मनात. परवा मात्र टेबलावर हात पालथा ठेवून तशीच उभी राहिले, ट्रॅक्टर वळणाआड जाईपर्यंत. लेकरं एकमेकांकडं बघून खुदुखुदू हसायला लागली. मग मी खडू उचलला आणि पुढं शिकवायला लागले.

दिवाळी उलटली की आमच्या गंगाखेड पट्ट्यात वर्षाचा रंगच बदलतो. कारखान्याची चिमणी धूर सोडायला लागते. मळीचा आंबूस-गोड वास वाऱ्यावर बसून घरात येतो आणि होळीपर्यंत मुक्काम ठोकतो. दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर काजळीचे ठिपके पडतात. रस्त्यावर सांडलेला ऊस चाकांखाली चिरडला जातो आणि चपला चटचट चिकटायला लागतात. धुळीचं तर विचारूच नका. ड्रायव्हर लोक तोंडाला रुमाल बांधतात, ऊसतोडीच्या बाया पदर गच्च गुंडाळतात, आम्ही शिक्षिका स्कार्फ. चार महिने अख्खा तालुका एकमेकांना नुसत्या डोळ्यांवरून ओळखतो.

आमच्या घरात या चार महिन्यांत आणखी एक गोष्ट व्हायची. माझा धाकटा दीर बालाजी अबोल व्हायचा. उन्हाळ्यात अंगणात बसून तासभर गप्पा मारणारा माणूस, हंगामात हाक मारली तरी वळून बघायचा नाही. सासूबाई म्हणायच्या, ऊस सुरू झाला की त्याच्या डोक्यात इंजिन शिरतं, मग माणसाला जागा राहत नाही. आम्ही सगळ्यांनी ते मान्य करून टाकलं होतं. मी तर शाळेत मैत्रिणींना सांगायची की आमच्याकडं एक मौनीबाबा आहेत, फक्त उसाच्या दिवसांत मौन धरतात.

मी लग्न होऊन आले तेव्हा बालाजी दहावीला इंग्रजीत गचकला होता आणि त्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. दारातल्या लिंबाखाली त्यानं कुणाचं तरी डिझेल इंजिन उघडून मांडलं होतं आणि नव्या नवरीला बघायला उठायचंही त्याला सुचलं नव्हतं. आता चाळिशीला टेकलाय. ट्रॅक्टर दोघा भावांचा, चालवायचा बालाजी. हंगामात ऊस ओढायचा आणि बाकीचं वर्ष लिंबाखाली लोकांची इंजिनं. पण नाद म्हणाल तर मोटारींचा. त्याही सगळ्या नाहीत, एकाच कंपनीच्या, आणि त्या कंपनीच्याही फक्त जोरात पळणाऱ्या. लाल शिलाईच्या सीटा, काळी चाकं, मागं दोन सायलेन्सर, तसल्या. कंपनीचं नाव मी लिहिणार नाही. घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडायची नाही, अशी बालाजीची सक्त ताकीद आहे. म्हणजे बघा, ज्या कंपनीला हा माणूस कोण हेही ठाऊक नव्हतं, ती याच्या घरची.

त्यातली एकही गाडी त्यानं चालवली नव्हती. परभणीला एका डॉक्टरांच्या दारात एक उभी असायची. बालाजी तिच्यापाशी उकिडवा बसून खालून बघत होता तर वॉचमननं हटकलं. त्या पाच मिनिटांत त्यानं जे बघून घेतलं, ते मला पुढं चार दिवस ऐकावं लागलं. बाकी सगळं मोबाइलवर. पण राग मात्र असा की जणू याच्याच मालकीच्या कारखान्यात कुणी लबाडी केलीय. कंपनी पाच गाड्या वेगवान म्हणून विकायची. बालाजी म्हणायचा, त्यातल्या तीन नुसत्या नटवलेल्या आहेत, आत जुनंच इंजिन, जुनाच ब्रेक.

“वहिनी, स्टिकर लावून गाडी पळत असती, तर आमी ट्रॅक्टरवर इमानाचं चित्र काढलं असतं.”

मी ज्या हंगामाबद्दल लिहायला बसलेय तो तीन वर्षांपूर्वीचा. शाळा सकाळची होती आणि आमचे हे परगावी असायचे, म्हणून बालाजीचा डबा पोचवायचं काम माझ्याकडं आलं. कारखान्याच्या आवारात भरल्या गाड्यांची रांग लागते. पुढं काटा, म्हणजे गाडीचं वजन करायची जागा. तिथं आपला नंबर येईपर्यंत सहा तास लागोत नाहीतर दहा, बसून राहायचं. रांग म्हणजे एक गावच असतं. कुणी ट्रॉलीच्या सावलीत झोपलंय, कुणी दाढी करतंय, कुणी चुलीवर चहा ठेवलाय. पुढची गाडी हलली की मागचे सगळे हॉर्न वाजवत पुढं सरकतात आणि परत इंजिनं बंद.

पहिल्याच दिवशी डबा घेऊन गेले तर आमच्या ट्रॅक्टरभोवती दहा-बारा ड्रायव्हर उभे, रुमाल गळ्यात उतरवलेले. मला वाटलं भांडण लागलं. जवळ गेले तर बालाजी मोठ्या चाकाच्या मडगार्डवर खडूनं मोटार काढत होता, आणि खडू माझ्या पर्समधला. घरी मौन धरणारा माणूस इथं घडाघडा बोलत होता. तीन मोटारी होत्या, एकीखाली एक. त्याला कंपनीच्या पाच गाड्या बंद करून तीनच ठेवायच्या होत्या आणि रांगेतले लोक त्यावर वाद घालत होते. मागच्या ट्रॅक्टरचे रऊफभाई पाचवर अडून बसले होते. साठीचे, मेंदी लावलेल्या दाढीचे, पस्तीस वर्षं ऊस ओढणारे माणूस. कंपनीची इज्जत आहे, पाचाच्या तीन केल्या तर लोक काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं होतं. मी डबा हातात घेऊन उभी राहिले आणि हसू आवरेना. इथं एकाकडंही धड मोटारसायकल नव्हती, आणि कंपनीच्या इज्जतीची चिंता.

हसू दोनच दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी मी स्कार्फ सोडून ट्रॉलीच्या सावलीत बसले आणि नीट ऐकलं.

पहिली गाडी त्यानं सगळ्यांत लहान काढली होती. हिच्यातून सगळं काढून टाकायचं, म्हणाला. छताची काच नको, मोठा पडदा नको, जाड सीटा नकोत. चाकं लहान आणि टायर फुगीर, आपल्या रस्त्याला सोसतील असे. इंजिन आहे तेच ठेवायचं. मी म्हटलं, मग ती वेगवान कशी होईल? त्यानं मला विचारलं, पाण्याची कळशी डोक्यावर घेऊन जिना चढता आणि रिकाम्या हातानं चढता, त्यात पाय तेच असतात का न्हाई. मी विज्ञानाची शिक्षिका. बल, वस्तुमान, त्वरण हे फळ्यावर मी किती वेळा लिहिलंय त्याला गणती नाही, आणि कळशी एकदाही सुचली नव्हती.

दुसरी गाडी लांबच्या पल्ल्याची. मे महिन्यात, चार माणसं बसवून, एसी चालू ठेवून हैदराबादपर्यंत एका दमात जाणारी. तिचा रेडिएटर त्यानं दीडपट काढला होता. आणि ब्रेक. तरुणपणी तो एकदा मासळीचा टेम्पो घेऊन येलदरीच्या धरणाकडून येत होता आणि उतारावर ब्रेक तापून पायाखाली कापसासारखा दबायला लागला होता. टेम्पो शेतात घालून थांबवला. तेव्हापासून त्याचा हिशेब पक्का. दहाव्यांदा दाबला तरी ब्रेक पहिल्यासारखाच लागला पाहिजे, त्याशिवाय कंपनीनं इंजिनाच्या ताकदीत एक घोडासुद्धा वाढवायचा नाही. हे सगळं तो एका वहीत उतरवून ठेवायचा, आणि तिच्या पहिल्या पानावर त्यानं ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘आधी थांबायचं जमवा, मग पळायचं.’

तिसरी गाडी विजेची. ही सगळ्यांत वरची, सगळ्यांत तेज. तिच्या चारी चाकांना वेगवेगळी मोटर. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पाय असतात, डाव्या चाकाचा वेगळा, उजव्याचा वेगळा; शेताच्या टोकाला वळताना आतलं चाक दाबून धरायचं आणि बाहेरचं पळू द्यायचं, की ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. बालाजीचं म्हणणं, मोटारीला हेच शिकवा. वळणावर आतल्या चाकाचा जोर कमी, बाहेरच्याचा जास्त, आणि हे गाडीनं आपणहून करावं, ड्रायव्हरला कळूही नये. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी मोबाइलवर शोधलं. जगातल्या महागड्या गाड्यांत अगदी हेच असतं आणि त्याला भलंमोठं नाव असतं. मी स्टाफरूममध्ये बसल्या जागी थक्क झाले. या माणसानं ते नाव ऐकलं नव्हतं. शेताच्या धुऱ्यावर ट्रॅक्टर वळवता वळवता तो तिथं पोचला होता.

तिसऱ्या गाडीत आणखी एक गोष्ट होती आणि रांगेतल्या एकालाही ती पटली नव्हती. विजेच्या गाड्यांना आवाज नसतो म्हणून कंपन्या आत स्पीकर लावून इंजिनाचा खोटा आवाज सोडतात. बालाजी म्हणाला, तो बंद करा. गाडी काय करायलीय ते ड्रायव्हरला सीटमधून, स्टेअरिंगमधून, पायाखालून कळू द्या. टायरची पकड सुटायला लागली तर हाताला कळावं. ड्रायव्हर लोक कुरकुरले. आवाजच नसला तर मजा ती काय? बालाजीनं स्वतःच्या ट्रॅक्टरवरचा डेकही काढून टाकला होता. रांगेतला तो एकच गाणं नसलेला ट्रॅक्टर होता, आणि आम्ही त्याला कंजूष समजत होतो.

त्याची काम करायची एक तऱ्हा मला तेव्हा विचित्र वाटायची. मेकॅनिक लोक इंजिनावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावतात, आतला आवाज ऐकायला. बालाजी ती मूठ दातांत धरायचा. डोळे मिटून, तोंडात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन, वासरू दावं चघळतं तसा उभा. आणि सांगायचा बिनचूक. वॉल्व्ह गेलाय म्हटलं की वॉल्व्हच गेलेला असायचा. मी म्हणायची, भाऊजी, घाण जाते तोंडात, कान कशाला दिलेत देवानं. तो नुसता हसायचा.

पौष लागला तेव्हा कंपनीच्या वेबसाइटवर आलं की आमच्या वेगवान गाड्यांचं पुढं काय करावं, ते चाहत्यांनी कळवावं. बालाजीनं वही माझ्यापुढं ठेवली. कधी नव्हे तो हात जोडून म्हणाला, वहिनी, तुमी लिवा. मी विचारलं, त्यानं काय होईल? त्याला बक्षीस नको होतं, नोकरी नको होती. गाडी बनवणाऱ्या एखाद्या माणसानं एकदा तरी आपलं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं, एवढंच पाहिजे होतं. वीस वर्षं तो लिंबाखाली बसून हे बोलत होता आणि समोर कोण, तर मी, रऊफभाई आणि शेळ्या. मी सगळी वही शुद्ध करून टाइप केली, मडगार्डचा फोटो जोडला आणि पाठवून दिलं. खरं सांगते, उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं.

उत्तर आलं. निवडक लोकांशी कंपनीचे इंजिनिअर व्हिडिओवर अर्धा तास बोलणार होते. बालाजीला मिळालेली वेळ सकाळी अकराची, आणि त्या दिवशी तो नेमका रांगेत. गाडी सोडून जाता येत नाही. नंबर गेला की गेला, आणि तोडलेला ऊस वाळत राहतो. मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढली, मोबाइल चार्ज केला आणि पावणेअकराला ट्रॉलीपाशी हजर. बालाजीनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. रऊफभाईंनी पुढच्या-मागच्या सगळ्यांना डेक बंद करायला लावले.

मोबाइलमध्ये दोन चेहरे आले. एक साहेब आणि मधुरा नावाची तरुण इंजिनिअर, केस मागं बांधलेली. पहिली दहा मिनिटं काय सांगू. बालाजी असा बोलला की माझ्या अंगावर काटा आला. कळशी, येलदरीचा उतार, ब्रेकचे दोन पाय. ती मुलगी पुढं वाकून ऐकत होती, मधेच थांबवून प्रश्न विचारत होती, आणि हा एकेका प्रश्नाला नेमकं उत्तर देत होता. मग रेंज गेली. चित्र अडकायला लागलं. साहेब म्हणाले, आपण सगळे कॅमेरे बंद करू, आवाज तरी नीट येईल. पडदा काळा झाला.

मुलीनं विचारलं, तिसऱ्या गाडीत आवाज का नको? बालाजीनं रेडिएटरचं माप सांगितलं. तिनं परत विचारलं. तो म्हणाला, तीन. साहेब हळूच हसल्याचं मला ऐकू आलं. मी घाईघाईनं त्याच्या कानाशी प्रश्न सांगितला. तो काळ्या पडद्याकडं बघत राहिला. घाम फुटला होता त्याला. मला इतका संताप आला की विचारू नका. वीस वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर आहे, आणि याला आताच मौन धरायचंय? मी स्कार्फ ओढून खाली केला आणि चिडून म्हटलं, भाऊजी, त्या आवाजाचं विचारायल्यात.

तो चटकन म्हणाला, “आवाजाचं व्हय? सांगतो की.”

मी स्कार्फ परत नाकावर ओढला आणि हळू विचारलं, पाणी देऊ का? काही नाही. स्कार्फ खाली केला, तेच विचारलं. त्यानं मान हलवून नको म्हटलं.

हंगामात धुळीपायी सगळ्यांची तोंडं बांधलेली असतात, अगदी घरच्या अंगणातसुद्धा. म्हणून बालाजी हंगामात बोलत नव्हता. उन्हाळ्यात आमची तोंडं उघडी असायची आणि तो आमचे ओठ वाचायचा. दातांतला स्क्रू-ड्रायव्हर, काढून टाकलेला डेक, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी, दर वर्षी आठवीला ध्वनी शिकवणारी बाई, त्याची टिंगल करत होते. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्याला समजलं की मला समजलंय. आता गप्प राहिला तर ते लोक याला येडा समजणार होते आणि वही तिथंच संपणार होती. बोलला तर सगळ्या रांगेला कळणार होतं, आणि बहिऱ्या माणसाच्या हातात दोन भरल्या ट्रॉल्या कोण देतो? त्यानं मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

“मॅडम, तुमचं तोंड दिसू द्या. मला ऐकू येत न्हाई.”

मी रऊफभाईंकडं बघितलं. ते खाली मान घालून दाढी कुरवाळत होते. हळूच मला म्हणाले, “बाई, ये बात पूरी लाइन को मालूम है।” त्यांना कळून दोन हंगाम झाले होते. रांग हलली की बाकीचे हॉर्न वाजवायचे, पण बालाजीच्या मागचा जो कुणी असेल तो खाली उतरून, चालत येऊन मडगार्डवर थाप मारायचा. रस्त्यानं येताना रऊफभाई आपला ट्रॅक्टर कायम त्याच्या मागं ठेवायचे आणि कुणाला ओलांडून जाऊ द्यायचे नाहीत. एकानंही हे त्याला बोलून दाखवलं नव्हतं. आमच्या घरात पाच माणसं, आणि आम्हाला पत्ता नव्हता.

रेंज जरा सावरली होती. पडद्यावर मधुराचा चेहरा परत आला. ती कॅमेऱ्याच्या अगदी जवळ बसली होती. सावकाश, ओठ नीट हलवत तिनं विचारलं, मग इंजिन तुम्हाला कसं कळतं?

बालाजी म्हणाला, दाखवतो. त्यानं माझ्या डब्यातला स्टीलचा पेला पाण्यानं भरून बॉनेटवर ठेवला, ट्रॅक्टर चालू केला आणि मला मोबाइल पेल्यावर धरायला लावला. त्यांना म्हणाला, तुमच्याकडचा आवाज बंद करा, नुसतं पाणी बघा. पाण्यावर बारीक वलयं उठत होती, एकामागं एक, सगळी सारखी. मग त्यानं पान्यानं एका डिझेल पाइपाचा नट उलीसा ढिला केला. तीनपैकी एक सिलिंडर बंद पडलं. वलयं फुटली, पाणी एका बाजूला हेलकावायला लागलं आणि पेला सरकत सरकत बॉनेटच्या कडेला आला. नट कसला, तशी वलयं परत जागेवर. मोबाइलमध्ये ते दोघं पुढं वाकून बघत होते. मी कंपनं शिकवते, लहरी शिकवते, परीक्षेत आकृती काढायला लावते. त्या दिवशी उन्हात, मळीच्या वासात, मी पहिल्यांदा ते बघितलं.

तेवढ्यात आमचा नंबर लागला. बालाजी मोबाइल माझ्याकडं देऊन ट्रॅक्टरवर चढला आणि काट्याकडं गेला. मधुरानं मला विचारलं, ते कुठं गेले? मी सांगितलं, ऊस वाळायलाय.

दुसऱ्या दिवशी त्यानं ट्रॅक्टरची चावी परगावाहून आलेल्या भावाच्या हातात दिली. कुणी मागितली नव्हती. रऊफभाई तर घरी येऊन म्हणाले, मी आहे मागं, फिकीर काय? बालाजीनं वहीचं पहिलं पान उघडून त्यांच्यापुढं धरलं. मागून येणारी गाडी ऐकू येत नाही, रस्त्यानं शाळेची लेकरं चालतात. इतकी वर्षं लपवलं हेच चुकलं, म्हणाला. ते बोलून तो गोठ्यात गेला आणि बराच वेळ आला नाही. या हंगामातही आमचा ट्रॅक्टर दुसराच ड्रायव्हर चालवतोय. परवा शाळेवरून गेला तो आमचाच होता की काय, कोण जाणे. परभणीच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, इंजिनाजवळ राहून कान गेलेत. कानाचं यंत्र दिलं, ते तो सणासुदीला घालतो.

फाल्गुनात कंपनीचं बोलावणं आलं. पुण्याच्या पलीकडं त्यांचा गाड्या तपासायचा मोकळा रस्ता आहे, गोल, रिकामा, मागून कुणी येणार नाही असा. मी आणि बालाजी रेल्वेनं गेलो. त्याच्या वहीतलं कंपनीनं काय घेतलं, काय टाकलं, ते मला आजही ठाऊक नाही, नव्या गाड्या अजून यायच्यात. पण त्या दिवशी त्यांनी विजेवरची, सगळ्यांत तेज गाडी त्याच्या हातात दिली. शेजारी मधुरा, मागं मी. गाडी सुटली तशी माझी पाठ सीटला चिकटली आणि मी डोळे मिटून घेतले. देवाचं नाव घ्यायचंसुद्धा सुचलं नाही. उघडले तर बालाजीचा चेहरा आरशात दिसला. तो रडत होता आणि हसत होता आणि स्टेअरिंगवर त्याची बोटं अशी हलकी ठेवलेली होती, जशी बाळाच्या टाळूवर ठेवतात.

तिसऱ्या फेरीत त्यानं वेग कमी केला आणि गाडी कडेला घेतली. हात सीटखाली घालून थोडा वेळ बसला. मग म्हणाला, मागं उजव्या अंगाला काहीतरी खरखरायलंय. साहेब संगणक घेऊन आले. संगणक म्हणत होता, सगळं ठीक. दोघं-तिघं एकमेकांकडं बघायला लागले.

मधुरानं जॅक मागवला. मागचं उजवं चाक उचललं, हातानं फिरवलं, आणि आत वाकून दुसऱ्या हाताचा तळवा स्प्रिंगवर ठेवला. तिनं डोळे मिटले. चाक फिरून थांबलं, तिनं परत फिरवलं. मग ती बाहेर आली, बालाजीच्या समोर उभी राहिली, तोंडावर आलेले केस मनगटानं बाजूला केले आणि त्याला दिसेल असं, सावकाश म्हणाली, “आहे.”

बालाजीनं मान हलवली. त्याला आश्चर्य वाटलं नव्हतं. त्यानं पिशवीतून वही काढली आणि म्हणाला, त्या दिवशी नंबर लागला म्हणून राहून गेलं, दुसऱ्या गाडीचं पुरतं सांगायचंय. साहेबांनी घड्याळ बघितलं. मधुरा एक सुटा टायर ओढून त्याच्यापुढं बसली, तोंड त्याच्याकडं करून.

साडेचारची आमची रेल्वे होती. साडेचार वाजून गेले, पाच वाजून गेले. मी त्याला आठवण करून द्यायला पुढं झाले नाही. बालाजी बोलत होता.